निळ्या गुलाबाचं बी

जून उजाडला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पार्सलांचे फोटो यायला लागतात. पुठ्ठ्याचं खोकं, बाजूला पेनने काढलेला वरच्या दिशेचा बाण, आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं. खाली लगेच कुणीतरी विचारतं, 'कुठून मागवलंत?' नाव, नंबर, दर, कुरियरचा खर्च, सगळं दहा मिनिटांत हजर. एखादा फोटो मात्र वेगळा निघतो. ॲडेनियमचा बुंधा टणक असायला हवा, इथे तो बोट लावलं तर आत जाईल इतका मऊ. कापल्यावर आत तपकिरी, लिबलिबीत गर. सोबत दोन ओळी : 'बाराशे रुपये भरले. कुजलेलं रोप आलं. फोन उचलत नाहीत.' त्यावर दोघा-तिघांनी 'आमचंही असंच झालं' म्हणेपर्यंत ॲडमिनचा निरोप येतो, 'कृपया ग्रुपवर निगेटिव्ह पोस्ट टाकू नयेत. तक्रार असेल तर विक्रेत्याशी खासगीत बोलावे.' पोस्ट गायब.

पोस्ट उडवणारी व्यक्ती बहुधा सज्जन असते. विक्रेता तिच्या ओळखीचा असतो, कधी ग्रुपचाच जुना सभासद असतो. शिवाय कुणीतरी 'अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो बरं का' असं कानावर घालून ठेवलेलं असतं. पदरमोड करून ग्रुप चालवणाऱ्या माणसाने ही बला का ओढवून घ्यावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं कायद्याच्या पुस्तकातच आहे, तिकडे वळूच. पण 'चांगलं असेल तेवढंच लिहा' हा नियम हौशी मंडळांत, मग ती बागवाल्यांची असोत, मासे पाळणाऱ्यांची असोत की फाउंटन पेन जमवणाऱ्यांची, मला फार घातक वाटतो. त्याचं कारण हौसेच्या वस्तूंच्या स्वभावात आहे.

मंडईत टोमॅटो घेताना तो दाबून पाहता येतो. हापूसचं कलम दाबून काय कळणार? हात-दीड हात उंचीचं ते रोप खरंच चांगल्या मातृवृक्षाच्या काडीचं आहे की नुसतं कोयीतून उगवलेलं, याचा पक्का निकाल फळ धरल्यावरच लागतो. त्याला चार-पाच वर्षं जातात. तोवर पावती हरवलेली असते आणि नर्सरीवाल्याचा नंबर बदललेला असतो. दुहेरी पाकळ्यांचं पिवळं ॲडेनियम म्हणून घेतलेलं कलम पुढच्या उन्हाळ्यात साधं गुलाबी फुलतं. जुनं पेन, सेकंडहँड लेन्स, पोस्टाचं तिकीट, सगळीकडे तोच प्रकार. घेताना घेणाऱ्याला जे कळत नाही ते विकणाऱ्याला ठाऊक असतं.

यातला सर्वांत निर्लज्ज नमुना म्हणजे निळ्या गुलाबाचं बी. ऑनलाइन बाजारात ते अगदी स्वस्तात मिळतं, पाकिटावर शाईसारख्या निळ्या फुलाचं चित्र असतं. निसर्गतः गुलाबाला निळा रंग येत नाही, कारण डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयार करण्याची सोयच त्याच्या पेशींत नाही. सनटोरी या जपानी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर अनेक वर्षं खपून पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं आणि २००९ साली ते फूल जपानमध्ये विकायला आणलं. तेही निळं म्हणवत नाही, फिकट जांभळं आहे. शिवाय बागेतले संकरित गुलाब बियांपासून लावले तर आईसारखे येत नाहीत, म्हणून तर आपण डोळा भरतो. हे सगळं कुठल्याही चांगल्या बागग्रुपावरच्या चार-सहा जणांना पाठ असतं. कुणी 'मागवू का?' विचारलं आणि त्यांच्यापैकी एकाने 'पैसे पाण्यात जातील' असं लिहिलं, तर पन्नास माणसांचे पैसे वाचतात. ॲडमिनच्या नियमानुसार तीही निगेटिव्ह पोस्टच.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ही गोष्ट जुन्या मोटारींवरून मांडली. गाडीत काय खोट आहे हे विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून उठतो. उरलेल्या गाड्यांचा दर्जा सरासरीने खाली येतो, भाव आणखी पडतो, आणखी काही चांगले विक्रेते उठतात. शेवटी खटारे तेवढे उरतात. हा निबंध तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता. २००१ साली याच कामासाठी ॲकरलॉफना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. आता मोटारींच्या जागी कलमं ठेवून पाहा. मातृवृक्ष सांभाळणारा, काडी निवडून भरणारा, जगलेलीच कलमं विकणारा नर्सरीवाला दर जास्त लावणारच. ग्रुपवर वाईट अनुभव सांगायची बंदी असेल तर त्याची आणि कोयीचं रोप कलम म्हणून खपवणाऱ्याची स्तुती सारखीच दिसते, आणि गिऱ्हाईक स्वस्तवाल्याकडे जातं. विक्रेत्यांना जपण्यासाठी म्हणून केलेला नियम असा चांगल्या विक्रेत्यालाच आधी बुडवतो.

भीतीचा मुद्दा मात्र खोटा नाही. ती अमेरिकेत आधी आणि जोरात अनुभवली गेली. १९९४ साली प्रॉडिजी नावाच्या तिथल्या ऑनलाइन सेवेवर, पैशाच्या गप्पांच्या फळ्यावर, एका अज्ञात सभासदाने स्ट्रॅटन ओकमाँट या शेअरदलाली कंपनीवर आणि तिच्या अध्यक्षावर लबाडीचे आरोप केले. कंपनीने प्रॉडिजीवरच २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. त्याआधी १९९१ साली कॉम्प्युसर्व्ह ही तशीच दुसरी सेवा अशा दाव्यातून सुटली होती, कारण लोक काय लिहितात ते ती बघतच नव्हती. प्रॉडिजी मात्र शिवीगाळ, अश्लील मजकूर काढून टाकायची, तशी जाहिरातही करायची. म्हणून १९९५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तिला वृत्तपत्रासारखं प्रकाशक ठरवलं. म्हणजे जो साफसफाई करतो तो अडकतो आणि जो ढुंकून बघत नाही तो सुटतो! हा उलटा न्याय दुरुस्त करायला १९९६ साली अमेरिकेने कायदा केला आणि दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी ती जागा चालवणाऱ्यावरून काढून टाकली. स्ट्रॅटन ओकमाँटचं पुढे काय झालं? त्याच वर्षी ती बंद पडली, तिचा संस्थापक १९९९ साली शेअर घोटाळ्यात गुन्हा कबूल करून बसला, आणि त्याच्यावर २०१३ साली निघालेला सिनेमा आपल्याकडेही अनेकांनी पाहिला. फळ्यावरचा तो अज्ञात माणूस उगाच बरळत नव्हता.

कायद्याने जागा चालवणारा सुटला तरी लिहिणारा सुटत नाही, हे २००१ साली मत्स्यपेट्यांच्या हौशी लोकांना कळलं. पाणवनस्पती लावणाऱ्यांचं एक ईमेलवर चालणारं मंडळ होतं. त्यावर काही जणांनी पेट्स वेअरहाउस या न्यूयॉर्क राज्यातल्या दुकानाकडून आलेल्या मालाबद्दल आणि सेवेबद्दल नाराजी लिहिली. मालकाने त्यांच्यावर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. घरात काचेची पेटी ठेवून हिरवळ वाढवणारी साधी माणसं ती. काहींनी तडजोड करून सुटका करून घेतली, इतर सभासदांनी वकिलाच्या खर्चासाठी वर्गणी काढली. दुकानदाराने पुढे गूगललाही कोर्टात खेचलं आणि २००४ साली तिथे तो हरला. पण त्या दुकानाचं नाव आधी ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते ठाऊक झालं, आणि कशासाठी, तेही. काही कुजक्या पानांची तक्रार जगभरच्या मत्स्यपेटीवाल्यांपर्यंत पोचवण्याचं काम त्याच्या वकिलांनी केलं.

याच्याही आधीचा, आणि मला सर्वांत आवडणारा, खटला स्पीकरचा आहे. अमर बोस हे बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. १९५६ साली एमआयटीत शिकत असताना त्यांनी कागदावर उत्तम दिसणारी एक हायफाय यंत्रणा विकत घेतली, ऐकली आणि निराश झाले. त्या नाराज गिऱ्हाइकाने पुढे स्वतःच कंपनी काढली. १९६८ साली आलेल्या त्यांच्या '९०१' या स्पीकरमध्ये नऊ कर्णे होते. एकच श्रोत्याकडे तोंड करून, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरावा. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे जाहिराती न घेणारं, वस्तू विकत घेऊन तपासणारं मासिक. १९७० च्या मे महिन्यात त्याने या स्पीकरचं परीक्षण छापलं. त्यात थोडं कौतुक होतं आणि एक तक्रार : एकेका वाद्याचा आवाज खोलीत इकडेतिकडे भटकल्यासारखा वाटतो. बोस कंपनीने दावा लावला. तिचं म्हणणं, आवाज खोलीत भटकत नाही, दोन स्पीकरच्या मधल्या भिंतीलगत सरकतो. ज्या अभियंत्याने परीक्षण केलं त्याने साक्षीत हाताने जे दाखवलं तेही भिंतीलगतचंच होतं!

जिल्हा न्यायालयाने कंपनीला सुमारे १ लाख १५ हजार डॉलर भरपाई दिली. अपिलात तो निकाल फिरला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मासिकाच्या बाजूने कौल दिला. ऐकलेला आवाज शब्दांत पकडताना शब्द चुकला, एवढ्यावरून लिहिणारा जाणूनबुजून खोटं बोलला असं ठरत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. लेख छापल्यापासून चौदा वर्षं गेली, तीही पदरी वकील आणि प्रयोगशाळा असलेल्या मासिकाची. रात्री साडेदहाला मोबाइलवर टाइप करणाऱ्याने यातून इतकंच घ्यावं की 'मला असं वाटलं' आणि 'हे असं आहे' यांतलं अंतर लिहितानाच सांभाळलेलं बरं.

आता आपल्याकडे. भारतात बदनामी ही दिवाणी बाब आहे आणि फौजदारी गुन्हाही. भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० या कलमांत ती होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आला. कंपनीचीही बदनामी होऊ शकते असं स्पष्टीकरण त्या कलमात पहिल्यापासून आहे. फौजदारी बदनामीचा गुन्हा राज्यघटनेत बसतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. दिवाणी दाव्यात बोललेलं खरं असलं की पुरतं. फौजदारीत ते खरं असून शिवाय लोकहितासाठी बोललेलं असावं लागतं. एवढं वाचून ॲडमिनच्या पोटात गोळा आला तर नवल नाही.

पण लोक सहसा इथेच वाचणं थांबवतात. याच कलमाला दहा अपवाद आहेत, आणि त्यातला दहावा जणू बागग्रुपासाठीच लिहिलाय. एखाद्याने दुसऱ्याला, त्याच्या भल्यासाठी किंवा लोकहितासाठी, तिसऱ्याबद्दल सद्भावनेने सावध केलं तर ती बदनामी नव्हे. नववा अपवाद स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हित जपण्यासाठी केलेल्या विधानाला संरक्षण देतो. जुन्या संहितेत त्याचं उदाहरण मोठं गमतीचं आहे : दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, मला त्याच्या सचोटीचा भरवसा नाही. म्हणजे १८६० पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाबद्दल असं बोलायची सोय आहे. गिऱ्हाइकाने दुकानदाराबद्दल बोलायला काय हरकत?

मेख आहे ती 'सद्भावना' या शब्दात. कायद्याला तिथे नुसतं मन साफ असून चालत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केलेली मानली जात नाही. म्हणजे विचारून, तपासून बोललात का? दोन खटले शेजारी ठेवले की हे नीट दिसतं. २०१८ साली एका यूट्यूबरने पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ टाकला. पुरावा म्हणून घरगुती चाचणी होती, तेल फ्रीजरमध्ये गोठवून पाहायची. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढायला सांगितलं. ज्याचं म्हणणं हजारो लोक ऐकतात त्याने बोलण्याआधी जास्त खातरजमा करायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पुढे अपिलात काही भाग वगळून व्हिडिओ दाखवायची मुभा मिळाली. दुसरा खटला व्यायामशाळेतल्या हौशी मंडळींच्या जिव्हाळ्याचा : प्रोटीन पावडरीचा. काही यूट्यूबरांनी 'डॉक्टर्स चॉइस' या ब्रँडच्या पावडरीवर झोड उठवली होती, पण हातात प्रयोगशाळेचे अहवाल होते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीला अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. भाषा बोचरी होती, टिंगल होती, तरी अहवालांनी ती तोलून धरली. दोन न्यायालयं, दोन वेगळे खटले, त्यांतून एकच सूत्र ओढून काढणं धाडसाचं होईल. पण फ्रीजर आणि प्रयोगशाळा यांतला फरक कुणालाही कळण्यासारखा आहे.

आणि ॲडमिन? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका सभासदाच्या आक्षेपार्ह शेऱ्यासाठी ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला होता. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. सामाईक हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला फौजदारीत गोवता येणार नाही. प्रकरण व्यापाऱ्याच्या बदनामीचं नव्हतं, पण तर्क इथेही लागू पडावा. फेसबुकवर मात्र अनेक ग्रुपांत प्रत्येक पोस्ट ॲडमिनच्या मंजुरीनंतरच दिसते. तिथे 'मला आधी कळलं नव्हतं' हे म्हणता येणार नाही, असं मला वाटतं. विनोद असा की बदनामीच्या भीतीने ज्यांनी मंजुरीची पद्धत आणली, त्यांनीच जबाबदारी ओढवून घेतली, प्रॉडिजीचीच गत.

इथपर्यंत मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोललो. विक्रेत्याची बाजू हलकी नाही. हौसेच्या बाजारात समोर टाटा किंवा रिलायन्स क्वचितच असतात. असते ती सांगलीच्या बाजूला शेडनेटखाली दोनशे कुंड्या वाढवणारी एखादी ताई, किंवा नोकरी सांभाळून रात्री पेनांच्या निबा घासणारा गृहस्थ. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिॲटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यात दिसलं, पण हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांपुरताच होता. साखळी हॉटेलांना फरक पडला नाही. मोठ्याच्या नावाला लोक आधीच ओळखतात, लहानाबद्दल त्यांच्याकडे दुसरं काही नसतं, म्हणून लहानाला चांगला शब्द जास्त तारतो आणि वाईट शब्द जास्त मारतो. तीनशे जणांच्या ग्रुपवर एका संध्याकाळी दहा जण तुटून पडले तर त्या ताईचा अख्खा पावसाळा वाया जातो. त्यात प्रतिस्पर्धी विक्रेता गिऱ्हाईक बनून लिहीत नसेल कशावरून?

म्हणूनच नियम सुराला लावू नये, मजकुराला लावावा. 'फ्रॉड आहे, यांच्यापासून दूर राहा' ही पोस्ट विक्रेत्यावर अन्याय करते आणि वाचणाऱ्याच्याही काही कामाची नाही. आता हीच तक्रार अशी वाचा : १२ मे रोजी ऑनलाइन पैसे भरले, १४ ला पार्सल निघाल्याचा मेसेज आला, २१ ला हाती पडलं, उघडतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवला, चार दिवस उत्तर नाही. ॲडेनियम ज्याने लावलंय तो हे वाचून लगेच म्हणेल, अरे, मे महिन्यात सात दिवस बंद खोक्यात? मुळं ओल्या कागदात? मग कुजणारच. दोष कुरियरचा किती, कोरडं पाठवायच्या ऐवजी ओलं गुंडाळणाऱ्याचा किती, हे त्याचं तो ठरवेल. कदाचित तो त्याच विक्रेत्याकडून मागवेल, फक्त डिसेंबरात. तक्रारदाराचा राग त्याच्यापर्यंत पोचला नाही, पण त्याला हवी ती माहिती पोचली. तारखा, रक्कम, फोटो आणि 'मला असं वाटलं' एवढं असलं की दहाव्या अपवादाला हवी असलेली काळजीही आपोआप घेतली जाते.

विक्रेत्याला त्याच जागी उत्तर द्यायची मुभा हवी, हे ओघानेच आलं. तो ग्रुपात नसेल तर तक्रारदाराने त्याचं उत्तर आणून टाकावं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानक आणलं, त्याचाही रोख हाच आहे : लिहिणारा खरा आहे का ते तपासा, आणि त्याने लिहिलेलं नंतर आपल्या सोयीने बदलू नका. ते मोठ्या संकेतस्थळांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, पण वाचायला घरगुती ग्रुपांनाही हरकत नाही. उत्तर आलं, पैसे परत मिळाले किंवा नवं रोप आलं, तर जुनी पोस्ट पुसू नये. खाली तेवढं जोडावं. चूक झाली आणि ती भरून दिली, ही त्या विक्रेत्याची मोठी जाहिरात ठरते. नुसत्या कौतुकाला ते वजन नाही.

'खासगीत बोला' या सल्ल्याचं काय? आधी खासगीत बोलावंच. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. पण बाराशे रुपयांच्या रोपासाठी आयोगाची पायरी कोण चढतो? न चढणाऱ्यांच्या भरवशावरच निळ्या गुलाबाचं बी विकलं जातं. शिवाय खासगीतला निकाल खासगीतच राहतो. त्या विक्रेत्याच्या एकविसाव्या गिऱ्हाइकाला आधीच्या वीस जणांचं काही कळत नाही.

उलट बाजूने दबाव आला की माणसं कशी गप्प होतात याचा अनुभव ईबेने घेतला. १९९५ साली सुरू झालेली ही लिलावाची जागा आरंभी संग्राहकांच्या जिवावर वाढली. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा म्हणून तिने घेणाऱ्याने विकणाऱ्याला आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याला शेरा द्यायची पद्धत काढली. झालं असं, की वाईट शेरा दिला तर उलट वाईट शेरा मिळतो हे सगळ्यांनी ओळखलं, आणि सगळेच एकमेकांची तोंडभर स्तुती करू लागले. २००८ साली ईबेने विकणाऱ्यांचा घेणाऱ्यांना वाईट शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला. आपल्या ग्रुपांत शेऱ्यांची पद्धत नाही, पण भिडेची आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात ज्यांच्या पंगतीला बसायचं त्यांच्या रोपाला कुजकं कसं म्हणणार?

या सगळ्या चर्चेत धोका फक्त निंदेतच आहे असं आपण धरून चालतो. स्तुतीलाही आता कायद्याने हिशोब मागितला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्या कंपनीप्रमाणेच वस्तूची भलामण करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींसाठी सूचना काढल्या : पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे, सोप्या भाषेत सांगा. हे लिहिताना बहुधा नटनट्या आणि लाखो अनुयायी असणारे लोक डोळ्यांपुढे असतील. तरी आपल्या ग्रुपवर दर रविवारी एकाच नर्सरीच्या खताचं गुणगान करणाऱ्या ॲडमिनला कुणीतरी एकदा विचारून पाहावं, की तुमच्या गच्चीवरच्या नव्या वीस कुंड्या विकत घेतल्या की आल्या.